गावचं वाचनालय चालवायचं तर: पैसे, कागद आणि कार्यक्रम

गावात वाचनालय काढायचं ठरलं की पारावरच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारतं, "सरकार किती देतं?" त्याचं उत्तर पुढे आकड्यांसकट दिलं आहे. पण सरकार देतं ते आधीपासून चालू असलेल्या वाचनालयाला, आणि तेही झालेला खर्च बघून. म्हणजे वाचक आधी, नोंदी त्यांच्याबरोबर आणि अनुदान मागून. ज्यांनी हा क्रम उलटा धरला त्यांची पाटी लागली, फोटो निघाले आणि दोन वर्षांत कुलूप गंजलं. पुणे जिल्ह्यात अशी कुलपं शोधायला लांब जावं लागत नाही.

हा लेख नव्याने या कामात पडणाऱ्यांसाठी आहे. शिरूर-जुन्नरकडचे असाल, भोर-राजगडचे असाल, नाहीतर इंदापूर-बारामतीचे. कुणी सचिव म्हणून नाव घातलं असेल, कुणी ग्रंथपाल म्हणून किल्ली हातात दिली असेल, किंवा चार मित्रांनी मिळून काहीतरी करायचं मनावर घेतलं असेल.

आधी काही महिने नुसतं चालवा

इमारतीच्या मागे लागू नका. समाजमंदिराची एक बाजू, शाळेची रिकामी खोली, ग्रामपंचायतीचा जुना हॉल, यांपैकी काहीही चालेल. दोन कपाटं, एक लांब टेबल, बाकडी, चांगला उजेड आणि गळत नसलेलं छप्पर एवढं पुरतं. छपराबद्दल मात्र तडजोड नको. मुळशी-मावळच्या पावसात एका रात्रीत कपाट भिजतं आणि मग बुरशी लागलेली पुस्तकं वर्षभर उन्हात घालत बसावं लागतं.

वेळ ठरवताना शहराकडे पाहू नका. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती खरी आहे. तिथे मुलांसाठी सायंकाळी सातची वेळ ठेवली तर आई-बाप पाठवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. मुलांचा तास दिवसाउजेडी संपला पाहिजे. भोर-मुळशीकडे भातलावणीच्या दिवसांत दुपारी कुणी फिरकत नाही. शेतीची वीज जिथे आठवड्याआड रात्रपाळीने येते तिथले शेतकरी सकाळी झोपलेले असतात, ते पेपर वाचायला अकरानंतर येतात. वेळ कमी असली तरी चालेल, रोजची हवी. "पोरगं किल्ली घेऊन गावाला गेलंय" हे लोकांनी दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा ते येत नाहीत.

आता पुस्तकं. तुम्ही वाचनालय काढताय हे कळलं की पोत्यांनी पुस्तकं येतील: जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, वाळवी लागलेले संच, कुणाच्या तरी सासऱ्यांची कायद्याची पुस्तकं. नाही म्हणायला शिका. देणगी घेताना सरळ सांगा, "आम्ही निवडून घेऊ, उरलेली परत करू किंवा रद्दीत देऊन पैसे वाचनालयात जमा करू." देणाऱ्याला एकदा वाईट वाटेल, पण नको असलेल्या हजार पुस्तकांमध्ये हवी ती पन्नास हरवतात, आणि वाचक कपाटासमोर पाच मिनिटं उभा राहून रिकाम्या हाताने निघून जातो.

सुरुवातीला दोन-तीनशे चांगली पुस्तकं पुरे आहेत. त्यातली निदान एक तृतीयांश मुलांची असावीत, कारण पहिला वाचक मूलच असतं आणि तेच आईला ओढून आणतं. बाकी कादंबऱ्या, चरित्रं, शेती, आरोग्य, स्पर्धा परीक्षा. 'किशोर' मासिक बालभारतीकडून माफक किमतीत मिळतं, कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशनंही स्वस्त असतात, ती शासकीय ग्रंथागारात विचारा. खरेदीला अप्पा बळवंत चौकात जाल तेव्हा यादी घेऊनच जा आणि वाचनालयासाठी किती सूट मिळेल ते आधी विचारा. थेट प्रकाशकाकडे गेलात तर बऱ्याचदा जास्त मिळते. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे एका दिवसात बरीच प्रकाशनं पाहून होतात. बिल मात्र प्रत्येक वेळी वाचनालयाच्या नावाने घ्या. आज ते बिल कुणी मागणार नाही, पण अनुदानाच्या वेळी त्याच्यावाचून अडतं.

नोंदवह्या: पहिल्या दिवसापासून

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात कमाईचं काम हे आहे. आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं पाहिजे: अनुक्रमांक, तारीख, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक किंवा देणगीदाराचं नाव. तोच दाखल क्रमांक पुस्तकात आत शिक्क्यासह लिहायचा. पुस्तक बाद झालं तरी क्रमांक पुन्हा वापरायचा नाही.

याशिवाय सभासद नोंदवही, रोजची देवघेव नोंद, वाचनकक्षात येणाऱ्यांची सही-वही, वर्तमानपत्रं-मासिकांची आवक, आणि पैशांची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. पावती पुस्तक छापील आणि क्रमांक घातलेलं. कार्यकारी मंडळाची सभा झाली की इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहा आणि सह्या घ्या. महिनाभराने लिहिलेलं इतिवृत्त वाचताक्षणी ओळखू येतं.

सही-वहीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी ती शोभेला असते. तिच्यात नाव आणि सहीबरोबर 'कशासाठी आलात' असा एक रकाना करा: पेपर, पुस्तक बदलणं, अभ्यास, कार्यक्रम. तीन महिन्यांनी बेरीज केलीत की तुमच्या गावाला काय हवंय ते कळतं. आणि उद्या ग्रामपंचायतीपुढे किंवा कंपनीपुढे उभं राहाल तेव्हा "आमच्या गावात वाचनाची आवड वाढतेय" असं मोघम बोलण्याऐवजी "मागच्या तिमाहीत एवढी माणसं आली, त्यातली एवढी मुलं, एवढे अभ्यासिकेतले" असं सांगता येतं. पैसे देणारा दुसऱ्या वाक्यावर हलतो.

संगणक असेल तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली किंवा 'कोहा' ही मुक्त प्रणाली वापरता येते. पण हजार पुस्तकांच्या आत असाल तर साधी एक्सेलची फाइलही भागवते. कागदी वही मात्र सोडू नका.

संस्था नोंदणी

वाचनालय ग्रामपंचायतीनेही चालवता येतं. पण गावातल्या बहुतेक वाचनालयांमागे नोंदणीकृत संस्था असते. निदान सात जण लागतात. घटना-नियमावली तयार करायची आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदणी करायची. काम धर्मादाय आयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयात होतं. वकील किंवा लेखापाल मदतीला घ्यायला हरकत नाही, पण दुसऱ्या संस्थेची नियमावली जशीच्या तशी उतरवून घेऊ नका. वाचनालय, अभ्यासिका, ग्रंथप्रदर्शन, व्याख्यानं, बालविभाग, हे सगळं उद्देशांत स्पष्ट लिहा. नाहीतर पुढे एखादी देणगी "हे तुमच्या उद्देशात नाही" म्हणून अडू शकते.

सात जण कोण, यावर वाचनालयाचं अर्धं भवितव्य ठरतं. सगळे एका भावकीचे किंवा एका पॅनेलचे नकोत. ग्रामपंचायतीची निवडणूक दर पाच वर्षांनी येते, गाव दोन गटांत फुटतं, आणि वाचनालय 'त्यांच्या गटाचं' झालं की निम्मं गाव पायरी चढत नाही. दोन्हीकडची माणसं घ्या, निवृत्त शिक्षक घ्या, आणि किमान दोन बायका घ्या, नुसत्या सहीपुरत्या नव्हे. आतल्या भिंतीवर कुठल्याही नेत्याचा फ्लेक्स लावायचा नाही, असा ठराव पहिल्याच सभेत करून टाका. नंतर तो करता येत नाही, कारण तोवर कुणाचा तरी लागलेला असतो.

संस्थेचं बँक खातं दोघांच्या संयुक्त सहीने चालवायचं. वर्ष संपलं की हिशेब तपासून घ्यायचे आणि सहा महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात सादर करायचे. विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. चेंज रिपोर्ट न देता तीन कार्यकारी मंडळं बदलली, आणि आता कागदोपत्री अध्यक्ष कोण तर कधीच वारलेले आण्णा, अशी वाचनालयं आहेत. त्यांना निधी द्यायला कुणी धजत नाही.

जागा ग्रामपंचायतीची असेल तर तोंडी शब्दावर राहू नका. वापरासाठी देत असल्याचा ठराव, साधा करारनामा आणि नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा) उतारा फाइलला लावा. सरपंच बदलला की तोंडी शब्दही बदलतो.

सरकारी अनुदान: किती आणि कसं

कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. तमिळनाडू, कर्नाटकात ग्रंथालयासाठी वेगळा उपकर घेतात, आपल्याकडे तो नाही. इथे पैसा राज्याच्या अर्थसंकल्पातून, उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत येतो. त्यामुळे अनुदान वाढलं तर एकदम वाढतं, आणि रखडलं तर सगळ्यांचंच रखडतं.

तुमचा रोजचा संबंध पुण्याच्या जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी. त्यांच्यावर पुणे विभागाचे सहायक ग्रंथालय संचालक आणि त्यांच्यावर मुंबईचं संचालनालय. शासनमान्यता मिळाली की वाचनालयाला 'अ', 'ब', 'क', 'ड' यांपैकी वर्ग मिळतो. जिल्हा, तालुका आणि इतर असेही प्रकार आहेत. गावचं नवं वाचनालय सहसा 'इतर ड' मध्ये सुरू होतं. ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रं, नियतकालिकं, उघडं राहण्याचे तास यांचे निकष वर्गागणिक वाढत जातात.

आता आकडे. २०२३ मध्ये राज्य शासनाने परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला दरवर्षी मिळणारी रक्कम, ६० टक्क्यांनी वाढवलं. त्यात 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेलं, 'इतर क' चं ९६ हजारांवरून १ लाख ५३ हजार ६०० वर. दर शासन निर्णयाने बदलतात, तेव्हा अर्ज करताना ताजा निर्णय कार्यालयातून मागून घ्या. ही रक्कम कमाल आहे. ग्राह्य खर्चाच्या ९० टक्के किंवा ही कमाल, यांतलं जे कमी ते मिळतं. उरलेला वाटा वाचनालयाने स्वतः उभा करायचा. पैसे दोन हप्त्यांत येतात. अर्धे पगारासाठी, अर्धे वेतनेतर खर्चासाठी.

हे ४८ हजार जरा फोडून बघा. अर्धे म्हणजे २४ हजार पगाराला, महिन्याला २ हजार. एवढ्यात ग्रंथपाल पूर्ण वेळ बसावा ही अपेक्षाच चूक आहे, आणि राज्यभरातले ग्रंथालय कर्मचारी याबद्दल वर्षानुवर्षं आवाज उठवत आहेत. उरलेल्या २४ हजारांत पेपर, मासिकं, पुस्तकं, वीजबिल आणि स्टेशनरी. कार्यक्रमाला काय उरतं? जवळजवळ काही नाही. म्हणून अनुदानावर वाचनालय तगवायचं आणि कार्यक्रमांचा पैसा वेगळा आणायचा, ही दोन खाती डोक्यात पहिल्यापासून वेगळी ठेवा.

२०१२ मधल्या राज्यव्यापी पडताळणीनंतर नवी मान्यता आणि वर्गबदल बरीच वर्षं थांबले होते. त्यामुळे फाइल घेऊन जाण्याआधी जिल्हा कार्यालयात एकच प्रश्न विचारा: सध्या नव्या मान्यतेचे प्रस्ताव घेताय का? घेत नसतील तरी थांबू नका. काम आणि नोंदी चालू ठेवा, म्हणजे दार उघडेल तेव्हा तुमची फाइल तयार असेल. एवीतेवी जाताय तर पुणे जिल्हा ग्रंथालय संघाशीही ओळख करून घ्या. ग्रंथपालासाठी ग्रंथालय व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, तो केलेला माणूस हाताशी असला तर पुढे उपयोगी पडतो.

मान्यता मिळाल्यावर आणखी काही दारं उघडतात. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करतं. त्याच्या समान निधी योजनेत राज्याचा आणि केंद्राचा वाटा असतो, असमान निधी योजनेत केंद्रच देतं. ग्रंथभेट, फर्निचर, इमारत, बालविभाग, शतकमहोत्सवी वाचनालयांना मदत असे प्रकार आहेत. प्रस्ताव राज्याच्या संचालनालयामार्फत जातात. वाट पाहावी लागते, पण फर्निचरसाठी हे दार नक्की ठोठवा. चांगलं काम असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्कृष्ट ग्रंथालय पुरस्कारालाही अर्ज करा. ग्रामीण वाचनालयांचा त्यात वेगळा विचार होतो, आणि पुरस्काराचं प्रमाणपत्र पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येतं.

ग्रामपंचायत

राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत, त्यात विसावा ग्रंथालयांचा. हे वाक्य तोंडपाठ ठेवा. "वाचनालय आमच्या कामात बसत नाही" म्हणणाऱ्या ग्रामसेवकाला ते शांतपणे सांगता येतं.

पैसा येतो तो आराखड्यातून. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तुमचं काम लिहिलेलं नसेल तर वर्षभर हेलपाटे घालून उपयोग नाही. आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, म्हणून सप्टेंबरातच लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. मागणी मोजकी असावी: दोन कपाटं, दहा खुर्च्या, इन्व्हर्टर, रंगकाम. वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून अशा वस्तू घेता येतात, पगार मात्र नाही. ग्रामसभेला वाचनालयात येणारी पोरं आणि त्यांच्या आया हजर असतील तर ठराव लवकर होतो. इमारतीसाठी आमदारांचा स्थानिक विकास निधी किंवा जिल्हा वार्षिक योजना असे मार्ग आहेत, पण ती लांबची वाट. पाच वर्षं सुरळीत चालवल्यावर तिकडे वळा.

कंपन्यांकडे जायचं तर

पुणे जिल्ह्यातल्या वाचनालयांचं नशीब एका बाबतीत बरं आहे. चाकण, रांजणगाव, तळेगाव, जेजुरी, कुरकुंभ, बारामती, चहूकडे औद्योगिक वसाहती आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं स्पष्ट लिहिलेलं आहे.

मात्र संस्थेच्या हातात थेट सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या या सामाजिक खर्चाचा, पैसा यायला प्राप्तिकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी (८०जी मुळे देणगीदाराला कर-सवलत मिळते), सीएसआर-१ अर्ज आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. नवख्या संस्थेकडे हे नसतं. तोवर दोन मार्ग आहेत: कंपनीने वस्तूच द्याव्यात, किंवा आधीच पात्र असलेल्या एखाद्या संस्थेबरोबर काम करावं.

पत्र एका पानाचं असू द्या. गावाचा गौरवशाली इतिहास नको. कंपनीपासून गाव किती किलोमीटरवर, कंपनीत गावची किती माणसं कामाला, वाचनालयात महिन्याला किती जण येतात, काय हवंय, किंमत किती, कोटेशन सोबत, आणि ती वस्तू वापरात आहे हे सहा महिन्यांनी तुम्ही कसं दाखवाल. पन्नास हजारांची एक मागणी करण्यापेक्षा "अभ्यासिकेच्या बारा टेबलांपैकी चार" अशी मागणी पटकन मंजूर होते. पत्र गावातल्याच, त्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाच्या हाती पाठवलं तर ते टपालाच्या ढिगात पडून राहत नाही.

गावातला पैसा

सगळ्यात भरवशाचा हाच. वर्गणी कमी ठेवा, पण ठेवा. फुकट केलं की पुस्तक परत येत नाही. समजा ऐंशी सभासद आणि महिना वीस रुपये, तर वर्षाला १९ हजार २०० होतात, म्हणजे 'ड' वर्गाच्या पगाराच्या वाट्यापेक्षा थोडेच कमी. अनामत रकमेचा हिशेब वेगळा ठेवा, ती परत द्यायची असते. मुलांना वर्गणी नको.

दिवाळी अंकांची वेगळी योजना करा. १९०९ च्या 'मनोरंजन' पासून सुरू झालेला हा प्रकार अजून वाचकांना खेचतो. वीस-पंचवीस अंक घ्यायचे, तीन महिन्यांची वेगळी फी ठेवायची, अंकाची अदलाबदल चार दिवसांत. फीतून अंकांचा खर्च बऱ्याच अंशी निघतो आणि नोकरीसाठी पुण्यात राहणारी, सुट्टीला आलेली मंडळी यानिमित्ताने वाचनालयात डोकावतात.

त्याच मंडळींना गावच्या जत्रेत गाठा. जत्रेला सगळे येतात, खिसा सैल असतो, मन हळवं असतं. मंदिराबाहेर एक टेबल टाका आणि रोख रकमेऐवजी ठरावीक गोष्टी मागा: एका दैनिकाची वर्षाची वर्गणी, एक कपाट, मुलांच्या पुस्तकांचा एक संच. पावती तिथेच फाडा. ८०जी असेल तर सांगा की दोन हजारांवरची देणगी रोखीत दिली तर कर-सवलत मिळत नाही, ऑनलाइन द्यावी. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला हार-तुऱ्यांऐवजी पुस्तकं, ही कल्पना आता जुनी झाली तरी चालते. फक्त पुस्तकांची यादी तुम्ही द्या.

कार्यक्रम: थोडे, पण नेमाने

नवखी मंडळी इथे एक मोठं व्याख्यान ठेवतात. मांडव, स्पीकर, पाहुणे, शाल-श्रीफळ, अल्पोपाहार. वीस हजार खर्च होतात आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात नेहमीचेच पाच जण असतात. त्या वीस हजारांत मुलांचा वर्षभराचा शनिवार होतो.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी जेवून मुलं मोकळी असतात, तेव्हा तासभर गोष्टीचा तास घ्या. एक गोष्ट मोठ्याने वाचायची, मग मुलांनी चित्र काढायचं, मग प्रत्येकाने एक पुस्तक घरी न्यायचं. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार मोफत मिळतात, छापूनही घेता येतात. वाचून दाखवायला मास्तरच हवा असं नाही. बारावीतली मुलगी उत्तम वाचते, आणि लहान मुलं तिचं जास्त ऐकतात. गोष्टीनंतर प्रश्नोत्तरं विचारून तिची परीक्षा करू नका, शाळा पुरेशी आहे.

अभ्यासिकेला मागणी सगळ्यात जास्त असते. पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलं सदाशिव पेठेत जाऊन खोलीभाडं आणि मेस यांत महिन्याला हजारो घालवतात. गावात शांत जागा, पंखा, वायफाय आणि चालू घडामोडींची मासिकं मिळाली तर त्यातली काही जण गावातच थांबतात. त्यांच्याकडून थोडं मासिक शुल्क घ्यायला हरकत नाही. पण अभ्यासिका वाचनालयाला गिळून टाकते, याकडे लक्ष ठेवा. मुलं दिवसभर आपापल्या नोट्स घेऊन बसतात, आवाज झाला की रागावतात, आणि हळूहळू पेपर वाचणारे आजोबा आणि चित्रं काढणारी पोरं बाहेर पडतात. खोली वेगळी नसेल तर निदान वेळा वेगळ्या करा. त्या बदल्यात अभ्यासिकेतल्या प्रत्येकाने आठवड्यातून एक तास देवघेवीच्या टेबलावर बसायचं, असा नियम केला तर ग्रंथपालाचाही भार हलका होतो.

बायकांसाठी दुपारी दोन ते चार ही वेळ राखून ठेवा, पण नुसती वेळ राखून कुणी येत नाही. सुरुवात बचत गटाच्या बैठकीपासून करा: बैठक वाचनालयात घ्यायला सांगा, बैठक संपल्यावर कपाट उघडं ठेवा. संक्रांत ते रथसप्तमीच्या काळात वाचनालयातच हळदी-कुंकू ठेवा आणि वाण म्हणून छोटं पुस्तक द्या. विधवा बायकांनाही बोलवा, आणि सगळ्यांना सारखंच वाण द्या. यावरून कुजबुज होईल. होऊ द्या. ज्यांना पायरी चढता येत नाही त्यांच्यासाठी वाडीवस्तीवर पुस्तकांची फिरती पेटी ठेवा. एखाद्या घरी वीस-पंचवीस पुस्तकं, महिन्या-दोन महिन्यांनी पेटी बदलायची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 'ग्रंथ तुमच्या दारी' मधून हाच प्रकार दूरवर नेला आहे.

दौंड, इंदापूर, बारामती, शिरूरकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांची कुटुंबं कोप्या घालून राहतात. त्यांची मुलं कुठल्याच वाचनालयाच्या सभासद यादीत नसतात. हंगामभर एक पेटी तिथे न्या, अनामत मागू नका, काही पुस्तकं परत येणार नाहीत हे धरून चला.

शेतकऱ्यांसाठी व्याख्यान नको, प्रश्नांचा तास ठेवा. गावचे कृषी सहायक येतात. नारायणगाव आणि बारामतीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, आधी पत्र दिलं तर तिथले तज्ज्ञ येऊ शकतात. विषय हंगामाचा हवा. कांद्याच्या काढणीत द्राक्षाच्या छाटणीवर बोलणारा पाहुणा कितीही मोठा असो, सतरंजी रिकामी राहते. त्या दिवशी टेबलावर त्या पिकावरची पुस्तकं मांडून ठेवा. संगणक असेल तर डिजिटल सहीचा सातबारा स्वतः कसा काढायचा, हेही त्याच वेळी दाखवता येतं.

ठरलेले दिवस आहेतच: मराठी भाषा संवर्धन पंधरवडा १४ ते २८ जानेवारी, मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारी, ग्रंथपाल दिन १२ ऑगस्ट, वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबर. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाला आपल्या मुलांना घेऊन जा. या दिवसांचे फोटो आणि हजेरी अहवालात लागतात, म्हणून करा. पण सगळी ताकद तिथे घालवू नका. प्रत्येक कार्यक्रमानंतर अर्धं पान लिहून ठेवा: किती आले, किती खर्च, किती नवे सभासद झाले. तिसरा आकडा सलग शून्य येत असेल तर तो कार्यक्रम बंद करा, कितीही टाळ्या पडल्या तरी.

वर्षाचा फेरा आणि हातबदल

मार्चअखेर कीर्द बंद करून एप्रिलमध्ये लेखापरीक्षकाकडे द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत अभ्यासिकेतल्या मुलांना हाताशी धरून पुस्तकांची पडताळणी करा. हरवलेली आणि बाद करायची पुस्तकं वेगळ्या यादीत, त्यावर मंडळाचा ठराव. त्यानंतर वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय कार्यालयात मुदतीच्या आत, शेवटच्या दिवशी नव्हे. तपासणीला अधिकारी आले की वह्या, बिलं, पासबुक आणि ठराव एकाच कपाटात मिळाले पाहिजेत.

सचिव किंवा ग्रंथपाल बदलतो तेव्हा वाचनालयाला खरा धक्का बसतो. लग्न होऊन मुलगी सासरी जाते, मुलगा भरती होतो, मास्तरांची बदली होते. त्या दिवशी लेखी ताबा-यादी करा: किल्ल्या किती, दाखल क्रमांक कुठवर, पावती पुस्तक कुठल्या क्रमांकावर, रोख शिल्लक, ई-मेल आणि पोर्टलचे पासवर्ड, कुठल्या कार्यालयात कुठली फाइल पडून आहे. देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि एका साक्षीदाराची सही. बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठरावही त्याच सभेत घ्या, नाहीतर अनुदानाचा हप्ता खात्यात येऊन पडतो आणि काढायला सही करणारा माणूस पिंपरीत शिफ्टला असतो.